चीफ भाटकरांचा सेकंड

चीफ भाटकरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका कुत्र्याला अहवाल देत होते.

मी पुण्याहून सिंगापूरला नोकरीला येऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. हौगांगमधल्या एका एचडीबी ब्लॉकमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी सदनिकांच्या इमारतीत, खोली घेतली होती. आईने तिच्या मैत्रिणीच्या बहिणीसाठी, म्हणजे कुंदाकाकूंसाठी, गोडा मसाला पाठवला होता. तो पोचवायला शनिवारी सकाळी आठच्या ठोक्याला मी त्यांच्या घराशी गेले. माझ्या ब्लॉकसमोरच्याच गल्लीत, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं शेवटून दुसरं घर. फाटकाआड बॉयलरसूट घातलेला एक बुटका, मिशाळ माणूस सावधानमध्ये उभा होता, आणि त्याच्यापुढे पांढराशुभ्र, केसाळ, गाईच्या वासराएवढा कुत्रा बसला होता.

"मागचं दार बंद," तो माणूस गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "गॅस बंद. काकू वर पूजा करतायत. मोरीतला नळ गळतोय, लक्ष ठेव. बाकी नॉर्मल. काही शंका?"

कुत्र्याने जांभई दिली. माणसाने ती वहीत लिहून घेतली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"पुण्याची ना? काम काय करतेस?"

"सॉफ्टवेअर टेस्टिंग."

"म्हणजे दुसऱ्याच्या कामात चुका काढायच्या. छान! तू आजपासून फोर्थ."

नाव विचारण्याची तसदी त्यांनी त्या दिवशी घेतली नाही, आणि पुढच्या तीन वर्षांतही कधी घेतली नाही. जहाजाच्या इंजिनरूममध्ये चीफ इंजिनियर, त्याच्या हाताखाली सेकंड, मग थर्ड आणि सगळ्यांत खाली फोर्थ अशी उतरंड असते. चीफ तीस वर्षं समुद्रावर काढून निवृत्त झाले होते, पण उतरंड काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. कुत्रा सेकंड. "जहाजावर खरं काम सेकंड करतो, चीफ नुसत्या सह्या करतो," ते म्हणायचे. "मी भरपूर सह्या केल्या. आता घरात कामाचं असं एक तरी माणूस हवं." त्यांची बायको कुंदाकाकू म्हणजे ब्रिज. जहाज कुठे न्यायचं ते ब्रिजवर ठरतं आणि खाली इंजिनरूमने मुकाट चालवायचं असतं. चीफ कुरकुरत का होईना, चालवायचे.

"आणि थर्ड कोण?" मी एकदा विचारलं.

"जागा रिकामी आहे. लायक उमेदवार मिळत नाही."

मी तिथेच उभी होते, पण माझा विचारसुद्धा झाला नाही. मला त्याचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजून थोडा आहे.

सेकंडची जात मारेम्मा. इटलीतल्या डोंगराळ मुलखात मेंढ्या राखणारी ही कुत्री. चीफचं जहाज एकदा लिव्होर्नोला दुरुस्तीसाठी अडकून पडलं होतं, तेव्हा ते फिरत फिरत एका टेकडीवर गेले. तिथे मेंढ्यांचा कळप बसला होता. चीफ रत्नागिरीचे, मासे सोडून दुसऱ्या प्राण्याशी फारसा संबंध आलेला नाही. त्यांनी मोठ्या प्रेमाने कडेच्या एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवला. मेंढी भुंकली. चीफ टेकडी उतरून खाली आले ते, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, "फुल अहेड."

पण त्या कुत्र्याने त्यांच्या मनात घर केलं. खाली वाइन पाजता पाजता मेंढपाळाने त्यांना सांगितलं, की या कुत्र्याला कोणी काही शिकवत नाही. डोळे उघडतात न उघडतात तोच पिल्लाला मेंढ्यांत नेऊन ठेवतात. मग ज्यांच्यात वाढला ते त्याचे. तो त्यांना हाकत नाही, त्यांच्यामागे धावत नाही, नुसता त्यांच्यात बसून राहतो आणि परक्याला जवळ येऊ देत नाही. मालकाचंही ऐकत नाही, कारण जागेवर कोण आहे आणि अक्कल कोणाला आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

"अगदी माझ्या सेकंडसारखा!" चीफ म्हणाले होते. तेव्हाच नाव ठरलं. निवृत्तीनंतर त्यांनी ऑस्ट्रेलियातून मारेम्माचं पिल्लू मागवलं. एचडीबीत एवढा मोठा कुत्रा ठेवता येत नाही म्हणून पुंगोलमधला समुद्र दिसणारा फ्लॅट सोडून हे घर भाड्याने घेतलं. काकूंना तो फ्लॅट फार आवडायचा. त्या विषयावर त्या बोलायच्या नाहीत. फक्त चीफ चहा मागायला आले की "तुमच्या सेकंडला सांगा," एवढंच म्हणायच्या.

चीफच्या सवयी एकेक सांगण्यासारख्या होत्या. बॉयलरसूट घालून ते हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जायचे, आणि लोक त्यांना नळ दुरुस्त करायला बोलवायचे. ते दुरुस्त करून द्यायचेही. कुठलंही यंत्र बिघडलं की स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. फ्रिज, मिक्सर, शेजारच्यांचा एसी, सगळ्यांची नाडी ते अशी बघत. एकदा माझा लॅपटॉप असा तपासून "याला काही होत नाही, तूच फार ताण घेतेस," असं निदान केलं. ते खरं निघालं. सेकंडचं पोट बिघडलं तेव्हा मात्र स्क्रूड्रायव्हर न वापरता सरळ कान लावला. सेकंडने ते खपवून घेतलं.

इंजिनांच्या धडधडीत आयुष्य गेल्यामुळे त्यांना हळू बोलणं जमतच नसे. गुपित सांगताना ते फक्त वाकत, आवाज तोच.

आणि एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असे: "रिलीव्हर आल्याशिवाय वॉच सोडायचा नाही." इंजिनरूममध्ये चार तासांचा पहारा असतो. बदलीचा माणूस येऊन, सगळं स्वतः तपासून "मी ताब्यात घेतलं" म्हणत नाही तोवर आधीच्याने हलायचं नाही, मग पोटात कितीही कावळे ओरडोत. चीफ रोज सकाळी आठला सेकंडच्या ताब्यात घर देत आणि संध्याकाळी आठला परत घेत. मधल्या वेळात स्वतः हॉलमध्ये पेपर वाचत बसलेले असत, ही गोष्ट वेगळी.

अडचण एकच होती. सेकंडच्या ताब्यात देण्यासारखं घरात काही नव्हतं. कळपाशिवायचा मारेम्मा म्हणजे किनाऱ्यावर बसलेला इंजिनियर, असं चीफ म्हणत, आणि ते कोणाविषयी बोलतायत हे आम्हाला कळत असे. रिकामा सेकंड मग मिळेल त्यावर भुंके. पोस्टमनवर, साळुंक्यांवर, विमानांवर, ड्युरियन फळांच्या टेम्पोवर. शेजारच्या मिसेस लिम यांनी लाल चादर वाळत घातली तर चादर वाळेपर्यंत.

या मिसेस लिम आमच्या गोष्टीतल्या हार्बर मास्टर, म्हणजे बंदरात कोणी राहायचं ते ठरवणाऱ्या. सत्तरीच्या, काटक, कुरळ्या केसांच्या. दोन्ही घरं त्यांचीच, त्यामुळे त्या शेजारीणही होत्या आणि घरमालकीणही. दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत, आणि भिंतीला लागून काकूंच्या कढीपत्त्याची मोठी कुंडी. मिसेस लिम रोज सकाळी भिंतीवरून हात घालून त्यांच्या चिकन करीसाठी पानं तोडायच्या, न विचारता. "मागितली तर झाडच देईन," काकू मला म्हणायच्या, "पण मागायला काय होतं?"

एका दुपारी सेकंड मिसेस लिमकडे माहजाँग हा चिनी सोंगट्यांचा डाव खेळायला आलेल्या मैत्रिणींवर सलग पाऊण तास भुंकला. त्यातली एक मैत्रीण म्हणे त्यामुळे हरली. मिसेस लिम चप्पल फटफटवत फाटकाशी आल्या.

"अंकल, युअर डॉग टू नॉइझी लाह. वन मोअर टाइम बार्क, डॉग मस्ट गो. डॉग डोन्ट गो, यू गो. ओके?"

"मॅडम, ही इज अनएम्प्लॉइड!" चीफ ओरडले.

"यू ऑल्सो नॉइझी," मिसेस लिम म्हणाल्या आणि गेल्या.

त्या दिवशी चीफ जेवले नाहीत. दुसरं घर मिळालं असतं, पण पांढऱ्या वासराला ठेवून घेणारा मालक शोधायला त्यांना आधी आठ महिने लागले होते. सेकंडला कोणाला तरी देऊन टाकायचं, हे शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडत नव्हते. "सेकंडला काम मिळालं पाहिजे," ते एवढंच म्हणत राहिले. मला त्यांचं हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

पहिला प्रयत्न शेळ्यांचा. क्रांजीच्या बाजूला शेळ्यांचा एक फार्म आहे. मेंढ्या नाहीत तर शेळ्या, असा हिशेब करून चीफनी तिथल्या माणसाला गळ घातली आणि परवानगी मिळवली. कुत्र्यांची वाहतूक करणारी व्हॅन ठरवली. काकूंनी तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या. मी फोर्थ असल्यामुळे मागे सेकंडबरोबर बसले, आणि तासभर त्याचे केस खाल्ले.

फार्मवर चीफनी रीतसर ताबा दिला. "सेकंड, हे चाळीस नग तुझ्या ताब्यात." फाटक उघडलं. एक तपकिरी शेळी पुढे आली, तिने सेकंडला वास घेऊन पाहिलं आणि त्याची शेपटी चघळायला लागली. सेकंडने चीफकडे पाहिलं, मग शेळीकडे पाहिलं, आणि मग तो कुंदाकाकूंच्या मागे जाऊन उभा राहिला. काकू जेमतेम पाच फूट उंच आणि सेकंड त्यांच्याहून रुंद, त्यामुळे तो लपला असं म्हणता येणार नाही, पण हेतू स्पष्ट होता.

"शेळ्या आहेत या," परतीच्या वाटेवर चीफ म्हणाले. "याचं शिक्षण मेंढ्यांचं. हा स्पेशलायझेशनचा प्रश्न आहे."

"कुकर लावायला सांगितला की तुम्हीही हेच म्हणता," काकू म्हणाल्या आणि पुऱ्यांचा डबा उघडला.

मग गणपती आले. मी पुण्याहून शाडूची वीतभर मूर्ती मांडीवर घेऊन आले होते. हॉलमध्ये काकूंची पैठणी लावून मखर केलं, प्रतिष्ठापना झाली, आणि संध्याकाळी आम्हाला मंडळाच्या आरतीला जायचं होतं. निघता निघता चीफना चेष्टा सुचली. सेकंडला मखरासमोर बसवून ते सावधानमध्ये उभे राहिले.

"सेकंड, बाप्पा तुझ्या ताब्यात. एक मूर्ती, एक उंदीर, एकवीस मोदक. काही शंका?"

सेकंडने मूर्तीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने जांभई दिली नाही.

आम्ही परतलो तेव्हा तो मखराला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसला होता. मोदक एकवीसच्या एकवीस होते. त्या रात्री तो तिथेच झोपला आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे दर्शनाला आले तेव्हा शिस्त सुरू झाली. दारातून हात जोडायला परवानगी होती. मखरापासून चार फुटांवर आलं की सेकंड उठून मधे उभा राहायचा. भुंकत नव्हता, नुसता उभा राहायचा. प्रसाद काकूंच्या हातून लांबूनच मिळत होता. क्वीन्सटाउनहून आलेल्या एका कुटुंबाने तर "किती छान व्यवस्था ठेवलीय," म्हणून कौतुक केलं. चीफ आनंदाने तरंगत होते. पाच दिवसांत सेकंड एकदाही भुंकला नव्हता. "बघ फोर्थ! बेकारी गेली, भुंकणं गेलं!"

पाचव्या दिवशी विसर्जन. चार वाजता बादली भरून बाहेर पोर्चमध्ये ठेवली, फुलं टाकली. भिंतीपलीकडे मिसेस लिमच्या अंगणात माहजाँगचा डाव रंगला होता, तीच हरलेली मैत्रीण पाठमोरी बसली होती. आरती कुजबुजत म्हणायची असं ठरलं. काकू आणि मी ओठ हलवत होतो. चीफ "सुखकर्ता" म्हणाले आणि भिंतीपलीकडच्या चारही बायका वळल्या.

"तुम्ही नुसत्या टाळ्या वाजवा," काकू म्हणाल्या. "त्याही बोटांनी."

उत्तरपूजा झाली. मूर्ती जागची जराशी हलवायची म्हणून चीफनी हात पुढे केला, आणि सेकंडच्या पोटातून जनरेटर सुरू झाल्यासारखा आवाज आला.

चीफ थबकले. "सेकंड. मी आहे."

जनरेटर चालूच होता.

पुढचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही. चीफनी बिस्किटांचं पाकीट दाखवलं. सेकंडने मान फिरवली. त्यांनी चेंडू टाकला. सेकंडने आजवर कुठलाच चेंडू आणून दिला नव्हता, तो आज काय आणणार! त्यांनी वही काढून ताबा परत घेण्याचा प्रयत्न केला. "आय रिलीव्ह यू, सेकंड." सेकंडने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. ज्या माणसाने बाप्पाला जागचा हलवायला हात घातला त्याच्या ताब्यात बाप्पा द्यायचा नाही, हे त्याचं मत चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. चीफच्या कपाळावर घाम आला. एक भुंकणं आणि सेकंड गेला, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि माहजाँगच्या टेबलाला माहीत होतं. फक्त सेकंडला माहीत नव्हतं.

"मीच नेऊन बसवलं त्याला तिथे," चीफ खुर्चीत बसून म्हणाले. त्यांच्या मानाने तो आवाज बराच हळू होता. "पण रिलीव्हर म्हणून कोणाला आणू?"

काकूंनी पदर खोचला. "गणपती बादलीकडे जात नसेल तर बादली गणपतीकडे येऊ शकते की नाही? उचला."

आम्ही बादली आत आणली. मखराला अगदी खेटून ठेवली. काकू सेकंडच्या शेजारी जमिनीवर बसल्या, एक हात त्याच्या मानेवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने, त्याच्या डोळ्यांदेखत, मूर्ती सावकाश उचलून पाण्यात सोडली. कुठे नेली नाही. पळवली नाही. सेकंडने बादलीत तोंड घातलं. बाप्पा तिथेच होते, पण सोंडेकडून विरघळायला लागले होते. त्याने नाक वर काढलं, नाकाला शाडू लागला होता, आणि आमच्याकडे असं पाहिलं की मला रडूच आलं. बिचाऱ्याला पाच दिवस राखलेली वस्तू पाण्यात जाताना दिसत होती आणि आम्ही तिघं हात जोडून बसलो होतो. मग त्याने मान वर केली, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

काकूंनी त्यात मोदक टाकला.

मोदक मोठा होता आणि सारण चिकट. तो चावून होईपर्यंत दोन मिनिटं गेली आणि तोपर्यंत सेकंड काय म्हणणार होता ते विसरला. "गणपती बाप्पा," काकू कुजबुजल्या. "मोरया," मी कुजबुजले. चीफ तोंडावर दोन्ही हात दाबून थरथरत होते.

सेकंडने पुढचे दोन दिवस बादली राखली. मूर्ती पूर्ण विरली तेव्हा काकूंनी ते पाणी रिवाजाप्रमाणे झाडाला घातलं, म्हणजे भिंतीशेजारच्या कढीपत्त्याला. सेकंड बादलीमागोमाग बाहेर आला, पाणी मातीत जिरताना त्याने शेवटच्या थेंबापर्यंत पाहिलं आणि कुंडीला पाठ लावून बसला. बाप्पा कुठे गेले याबद्दल त्याच्या मनात काही संशय नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून मिसेस लिमचा हात आला. सेकंड भुंकला नाही. त्याने आपलं भलंमोठं डोकं त्या हातावर ठेवलं आणि ठेवूनच दिलं. मिसेस लिमना हात काढता येईना. त्या दहा मिनिटं तशाच उभ्या होत्या. शेवटी त्यांनी हाक मारली, "आंटी! आय वाँट थ्री लीफ ओन्ली. कॅन ऑर नॉट?"

काकू धावत बाहेर आल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणी पानं मागितली होती. त्यांनी मूठभर तोडून दिली. काकूंच्या हातून गेलेलं सेकंडला चालायचं.

अशी सेकंडला नोकरी लागली आणि भुंकणं थांबलं. चीफनी त्याच्यासाठी कुंडीवर छत बांधलं, टेबलफॅन लावला, पाण्याचे बारीक तुषार उडवणारी नळी जोडली, आणि रोज स्क्रूड्रायव्हर लावून तो फॅन तपासू लागले. मिसेस लिम रोज सकाळी मागायला यायच्या, मग बसायला यायच्या, मग स्वतःची लाल प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. माहजाँगची ती मैत्रीण एकदा म्हणाली, की कुत्रा आता फारच शांत आहे. मिसेस लिम तिच्यावर खेकसल्या, "ही इज वर्किंग. यू डोन्ट डिस्टर्ब."

दीड वर्ष असं छान गेलं. मग एका रविवारी चहा घेताना काकू म्हणाल्या, "आता घरी जायचं."

"हेच घर," चीफ म्हणाले.

"माझ्या माहेरी. पाचगणीला. घर रिकामं आहे, हवा थंड आहे, सेकंडलाही बरं."

"आत्ताच काय घाई आहे?"

काकूंनी कप खाली ठेवला. "तीस वर्षं तुम्ही समुद्रावर होतात. सासूबाईंचं शेवटचं दुखणं, मुलीच्या परीक्षा, गळकी कौलं, सगळं मी एकटीने पाहिलं. तुम्ही म्हणता ना, रिलीव्हर आल्याशिवाय वॉच सोडायचा नाही? मी नाही सोडला. पण मला रिलीव्ह करायला कोण आलं?"

मी बिस्किटाकडे बघत बसले. चीफनी वही ओढली, काहीतरी लिहिलं आणि तिकिटांची चौकशी करायला उठून गेले. पान उघडंच होतं. त्यावर लिहिलं होतं: "ब्रिजचा वॉच. रिलीव्हरला तीस वर्षं उशीर. चूक चीफची."

आता प्रश्न सेकंडचा. त्याचे कागद झाले, पिंजरा आला, पण मातीसकट झाड काही विमानातून नेता येत नव्हतं, आणि कुंडी सोडून सेकंड हलत नव्हता. दोनदा तालीम केली. पिंजऱ्यात मोदक ठेवून पाहिले. मोदकाची युक्ती एकदाच चालते. जायला चार दिवस उरले तेव्हा चीफ माझ्यापुढे बसले. मला वाटलं रडतील.

"रिलीव्हर हवा," ते म्हणाले. "त्याचा विश्वास बसेल असा. मी नाही, मी बाप्पाला हात घातलाय. ब्रिज येणार आमच्याबरोबर. आणि तू..." त्यांनी मला नीट पाहिलं. "तू परवाच फोडणीसाठी पानं तोडलीस, न विचारता. त्याने पाहिलंय."

खरं होतं ते.

निघायच्या दिवशी सकाळी पावणेआठला मिसेस लिम स्वतःच्या फाटकातून बाहेर पडून चीफच्या फाटकातून आत आल्या. अंगात चीफचा जुना बॉयलरसूट, बाह्या चार घड्या वर दुमडलेल्या. तीन दिवस चीफनी त्यांची तयारी करून घेतली होती आणि संपूर्ण गल्लीने ती ऐकली होती. आठच्या ठोक्याला त्या सेकंडपुढे उभ्या राहिल्या. वाकून कुंडीतली माती बोटाने तपासली.

"वॉटर ओके. लीफ ओके. इन्सेक्ट नो हॅव." त्यांनी फॅनच्या वाऱ्यापुढे हात धरला. "फॅन ओके." मग लाल खुर्ची ओढून कुंडीला खेटून ठेवली, तिच्यात बसल्या आणि सेकंडच्या डोळ्यांत पाहून म्हणाल्या, "आय टेक ओव्हर. यू गो होम, गुड बॉय."

सेकंडने त्यांना हुंगलं. बॉयलरसूट हुंगला, हात हुंगला, खुर्चीचे चारही पाय हुंगले. मग आपलं डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मिसेस लिम दुसरीकडे बघत होत्या, त्यांचा चष्मा ओला झाला होता. शेवटी सेकंड उठला, अंग झाडलं आणि कोणाकडेही न बघता चालत जाऊन पिंजऱ्यात बसला.

चीफ सावधानमध्ये उभे होते. "मिसेस लिम," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज खरोखर हळू निघाला, "यू आर थर्ड."

तीन वर्षं रिकामी असलेली जागा माझ्या डोळ्यांदेखत भरली गेली. व्हॅन वळेपर्यंत चीफ मागच्या काचेतून फॅनकडे बोट दाखवत काहीतरी ओरडत होते. मला ते प्रत्यक्ष दिसले ते तेवढेच शेवटचे.

फोन मात्र येतात. पाचगणीच्या घरावरून रोज धनगर दोनशे मेंढ्या नेतो आणि सेकंड मान वळवूनही बघत नाही. त्याने आता चीफना ताब्यात घेतलंय. चीफ खुर्चीतून उठले की तो मधे उभा राहतो, आणि मग जातील तिथे त्यांच्याबरोबर जातो. काकूंनी चहा हातात आणून देण्याऐवजी आता चीफच सेकंडसकट स्वयंपाकघरात जाऊन तो करतात. काकू सकाळी नऊपर्यंत झोपतात.

परवा पोह्यांना कढीपत्ता नव्हता म्हणून मी त्या गल्लीत गेले. घराला अजून नवा भाडेकरू नाही. कुंडी जागच्या जागी, फॅन चालू, आणि शेजारी लाल खुर्चीत बॉयलरसूट घालून मिसेस लिम. मी फाटक उघडून आत गेले, गप्पा मारता मारता सहज झाडाकडे हात नेला. मिसेस लिमनी त्यावर आपला हात ठेवला आणि ठेवूनच दिला.

"सॉरी आंटी," मी म्हणाले. "कॅन आय हॅव थ्री लीव्ज?"

त्यांनी मोजून तीन दिली. मला बरं वाटेना. एवढ्या उकाड्यात ही म्हातारी रोज इथे बसते की काय!

"लेट्स हॅव कॉफी अॅट द कॉर्नर, आंटी. माय ट्रीट."

मिसेस लिमनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग गल्लीच्या टोकाकडे पाहिलं, जिथून ती व्हॅन वळली होती.

"कॅनॉट लाह," त्या म्हणाल्या. "माय रिलीव्हर नॉट कम येट."